हिशेबाचे बियाणे

शेतकरी बियाणे कसे राखतो? सगळे एकाच कणगीत ठेवत नाही. थोडे कणगीत, थोडे मडक्यात, थोडे भावाच्या घरी. एके ठिकाणी कीड लागली तरी पेरणी अडत नाही. संगणकातल्या कामाचेही तसेच आहे बघा.

आमच्या ओळखीच्या एक ताई बचत गटाचा हिशेब लिहितात. तीन वर्षांचा हिशेब घरच्या संगणकात होता. एक दिवस संगणक सुरूच होईना. दुरुस्ती करणारा म्हणाला, "ताई, डिस्क गेली. आतलं काही निघायचं नाही."

डिस्क म्हणजे संगणकाची साठवणीची पेटी. तीही एक वस्तूच. कधी बिघडेल, सांगता येत नाही. संगणक नवा मिळतो, पण हिशेब कुठून आणायचा? कुणी किती भरले, कुणी किती उचलले, यावरून बायकांत बोलाचाली झाली. शेवटी एकेकीचे पासबुक पाहून सगळे पुन्हा लिहावे लागले.

हे टाळायचे कसे? काम सोपे आहे.

पहिले काम : जपायचे हिशेब, दाखले, फोटो एका फोल्डरात आणा.

दुसरे काम : संगणकाला पेनड्राइव्ह लावा. फोल्डरवर माऊसचे उजवे बटण दाबून 'कॉपी' म्हणा. पेनड्राइव्ह उघडून तिथे 'पेस्ट' म्हणा. प्रतीला तारखेचे नाव द्या. त्याच संगणकात दुसरी प्रत ठेवून भागत नाही. डिस्क गेली की दोन्ही जातात.

काम झाले की पेनड्राइव्ह काढून कपाटात ठेवा. मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या विषाणूने जगभरच्या संगणकांतल्या फाइली कुलूपबंद केल्या आणि पैसे मागितले. असला विषाणू लावून ठेवलेल्या पेनड्राइव्हमध्येही शिरतो.

तिसरे काम : एक प्रत घराबाहेर ठेवा. 22 जुलै 2021 रोजी चिपळुणात पुराचे पाणी घराघरांत शिरले. अशा वेळी संगणक भिजतो आणि कपाटही भिजते. म्हणून एक पेनड्राइव्ह दुसऱ्या गावी, बहिणीकडे ठेवा. नाहीतर इंटरनेटवर ठेवा. गूगलच्या खात्यात 15 जीबी जागा फुकट मिळते. खात्याचा पासवर्ड मात्र कुणाला सांगू नका.

चौथे काम : प्रत उघडून पाहा. बियाणे उगवते का, हे आपण पेरणीआधी पाहतोच ना? मग प्रतही उघडते का, ते पाहायला नको?

जाणकार सांगतात : तीन प्रती, दोन तऱ्हेच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

त्या ताई आता दर बाजाराच्या दिवशी प्रत काढतात. आधी प्रत, मग बाजार. तुमचा दिवस कोणता? आजच ठरवा.