ताप चढतो तेव्हा आणि उतरतो तेव्हा

श्रोतेहो, पावसाळा लागला की अंबरनाथ पश्चिमेच्या चाळींतून एक वाक्य हमखास कानी येते, "पोराचं अंग नुसतं फणफणतंय हो!" मग गोधड्या निघतात, खिडक्या लागतात आणि पोराचे खाणेपिणे बंद होते. तिन्ही गोष्टी मायेपोटीच होतात. पण तिन्ही चुकीच्या.

ताप हा मुळात रोग नव्हे. जंतू अंगात शिरले, की मेंदूतला उष्णतेवर ताबा ठेवणारा भाग आपला काटा वर सरकवतो. अंगाला तिथवर पोचायचे असते, म्हणून हुडहुडी भरते. तेवढा वेळ पांघरूण द्यावे, मग काढावे. गोधड्यांखाली घाम काढला तर उष्णता आतच कोंडते. पेज, ताक, लिंबूपाणी थोडे थोडे देत राहावे.

हात लावून अंदाज करू नये. तोंडातला आकडा 100.4 फॅरनहाइट झाला म्हणजे ताप. काखेतला थोडा कमीच दिसतो. आकडा नि वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. डॉक्टरांना ती फार उपयोगी पडते.

औषध म्हणाल तर पॅरासिटामॉल. मुलांना ते वजनावर देतात: किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारदाच. बाटली नीट वाचा! पाच मिलिलिटरमध्ये एकीत 125 मिलिग्रॅम असते, दुसरीत 250. चमचा तोच, औषध मात्र दुप्पट. अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊ नये. डेंग्यूचा संशय असल्यास कोणालाच नको, रक्तस्राव वाढतो.

आता डेंग्यूविषयी जरा सविस्तर. नळाचे पाणी ठराविक वेळी येते, म्हणून आपण पिंपे भरून ठेवतो. ती उघडी राहिली की त्या स्वच्छ पाण्यातच एडिस डास वाढतो, आणि तो चावतो दिवसा, म्हणजे शाळेच्या वेळीही. या रोगात खरा धोका ताप चढताना नसतो, तो उतरताना असतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप जातो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि नेमके त्याच एकदोन दिवसांत रक्तातले पाणी वाहिन्यांतून पाझरू लागते. पोट फार दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार, लघवी कमी, पोर गळून पडलेले. यातले एकही दिसले तर अंग गार आहे म्हणून थांबू नये, थेट इस्पितळ गाठावे. शिक्षकबंधूंनो, चौथ्या दिवशी 'बरा झालो' म्हणत वर्गात आलेला मुलगा बाकावर डोके टेकून बसला, तर त्याला आळशी म्हणू नका. पालकांना बोलावा.

पुराच्या पाण्यातून चालून आल्यावर काही दिवसांनी ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगावे. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली, ती उंदरांच्या मुतामुळे दूषित झालेल्या पाण्यातूनच. थंडी वाजून येणाऱ्या तापात हिवतापासाठी रक्त तपासून घ्यावे.

आणि तीन महिन्यांच्या आतले मूल तापले, तर यातले काही करत बसू नये. मध्यरात्र असली तरी निघावे.