गिअर पडत नाही तेव्हा

साताऱ्याहून निघालं की माहुलीला कृष्णा ओलांडायची आणि पंढरपूरच्या रस्त्याला लागायचं. तासाभराच्या आत कोरेगाव येतं. वाघ्या घेवड्यासाठी नावाजलेलं, पुणे-मिरज रेल्वेवरचं हे तालुक्याचं गाव. संपादकांना तालुक्याच्या गॅरेजांवर लेख हवा होता. मी गेलो तो सगळं बघायला, आणि रमलो गिअरबॉक्सपाशी.

या भागात गिअरबॉक्सला सुखाचे दिवस फार थोडे. वडापची जीप हात दिसेल तिथं थांबते, म्हणजे दर थांब्याला पुन्हा पहिला, दुसरा, तिसरा. हंगामात चिमणगावच्या कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या निघाल्या की त्यांच्या मागे प्रत्येक कार रांगत चालते, चालकाचा डावा पाय अर्ध्या क्लचवर. बोजा भरलेल्या पिकअपचं तर विचारायलाच नको.

इथल्या गाड्यांचा आणि त्यांच्या गिअरचा इतिहास थोडक्यात असा. महिंद्रांनी मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली १९४७ मध्ये. वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडायची. तिचा गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असे. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला धावली. त्या जमान्यातले ड्रायव्हर ‘डबल क्लच’ मारत: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून इंजिनचा वेग जुळवायचा, पुन्हा क्लच दाबून गिअर. वेग जुळवण्याचं हे काम आज एक पितळी रिंग करते. अमेरिकेत अर्ल थॉम्पसन यांनी ती योजना काढली आणि कॅडिलॅकने १९२८ मध्ये ती गाडीत बसवली.

ही रिंग मला कोरेगावच्या एका गॅरेजातल्या मिस्त्रींनी हातात दिली. नाव छापायचं नाही, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. त्यांच्यासमोर पत्र्यावर गिअरबॉक्स उघडून मांडला होता: मेन शाफ्ट, काउंटर शाफ्ट, सिलेक्टरचे फोर्क, बेअरिंगं, सगळं डिझेलने धुतलेलं आणि ज्या क्रमाने निघालं त्याच क्रमाने लावलेलं. त्या क्रमाला हाताखालच्या पोराने हात लावायचा नाही, हा तिथला पहिला नियम.

गिअर बदलताना दाते दात्यांत जातात अशी आपली समजूत असते. पुढे जाण्याच्या गिअरांच्या जोड्या खरं तर कायम एकमेकींत गुंतलेल्याच असतात. सरकते ती स्लीव्ह. ती ज्या गिअरला शाफ्टशी बांधते त्याची ताकद चाकांकडे जाते. छोट्या कारच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनचे साधारण साडेतीन फेरे झाले की बाहेर एक फेरा मिळतो, आणि तेवढ्यावर भरली गाडी चढ चढते. पण स्लीव्ह आणि गिअर वेगवेगळ्या वेगाने फिरत असतात. त्यांची गाठ पडण्याआधी ही रिंग गिअरच्या निमुळत्या कोनावर घासते, दोघांचा वेग एक करते आणि मगच वाट सोडते. रिंगच्या आत बारीक खाचा असतात. त्या कोनावरचं तेल बाजूला सारतात, म्हणून पकड येते.

मिस्त्रींनी जुनी रिंग कोनावर ठेवली, अंगठ्याने दाबली आणि फिरवली. ती गरगर फिरली. नवी ठेवली, दाबली, जागची हलेना. मग रिंग आणि गिअर यांच्यामधल्या फटीत त्यांनी फिलर गेज घातला. छोट्या गाडीत नव्या रिंगला ही फट मिलिमीटरच्या आसपास भरते, अर्ध्या मिलिमीटरवर आली की रिंग बाद. ही दुसऱ्या गिअरची होती. बहुतेक आधी तीच जाते, असं ते म्हणाले.

खोलण्याआधीचं त्यांचं ऐकणं मला त्याहून मोलाचं वाटलं. “गिअर पडत न्हाई म्हंजे गिअरबॉक्स गेला असं नसतंय, पाव्हणं. आधी क्लच बघायचा.” इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर एकही पडत नाही, तर दोष क्लचचा, प्लेट सुटत नाही. एकाच गिअरला खर्रर्र होतं, तर रिंग. पडलेला गिअर आपोआप सुटतो, तर स्लीव्हचे दाते, फोर्क किंवा स्प्रिंग. न्यूट्रलला घरघर आणि क्लच दाबल्यावर शांत, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग; उलट क्लच दाबल्यावर आवाज आला, तर रिलीज बेअरिंग. एवढ्या परीक्षेला एक पैसा लागत नाही, आणि कितीतरी गिअरबॉक्स तिच्यामुळे न खोलताच वाचतात.

तेलाचंही तसंच. ड्रेन प्लगच्या चुंबकावर काळी मऊ पूड असली तर चालतं. तुकडे किंवा पितळी चमक दिसली तर समजून जायचं. कारच्या गिअरबॉक्समध्ये दोन-अडीच लिटर तेल मावतं, पण इंजिन ऑइल वेळेवर बदलणारे लोक याला वर्षानुवर्षं हात लावत नाहीत. शिवाय ‘भारीतलं’ म्हणून जीएल-४ प्रतीच्या तेलाच्या जागी जीएल-५ ओततात. त्यातली गंधकयुक्त रसायनं डिफरेन्शियलला चांगली. पितळेला मात्र ती खाऊ शकतात. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच घालायचं.

काळजी वाटते ती पुढच्या गाड्यांची. २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ आली आणि क्लचचं पेडल नसलेली स्वस्त गाडी गावोगाव पोचू लागली. अशा आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीच्या, म्हणजे एएमटीच्या, पोटात हाच साधा गिअरबॉक्स असतो, याच पितळी रिंगा; फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला पाय-हाताऐवजी यंत्रणा आणि तिच्यावर संगणक. मिस्त्री लोखंडाचं सगळं काम करू शकतात. पण प्लेट बदलल्यावर क्लच नेमका कुठं पकडतो हे संगणकाला नव्याने शिकवावं लागतं, आणि त्यासाठी स्कॅनर लागतो. ज्याच्याकडे तो नाही त्याने गाडी जोडायची आणि साताऱ्याला धाडायची. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात पुष्कळदा रिंग बदलत नाहीत, अख्खा गिअरबॉक्सच बदलतात. मग रिंग ओळखणारा हात तयार व्हायचा कुठं? मिस्त्रींकडची पोरं वर्षभरात टायर किंवा वॉशिंगच्या धंद्याकडे वळतात. तिथं रोजचा पैसा रोज मिळतो.

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो नेमका स्कॅनरसारख्या याच अडवणुकीसाठी. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळाली पाहिजेत, असं आयोगाने सांगितलं. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, वाहनं त्यातही आहेत. मी भेटलो त्या मिस्त्रींपर्यंत मात्र यातलं काहीही पोचलेलं नाही. तालुक्याच्या आयटीआयने एक स्कॅनर घेऊन तो गावातल्या मिस्त्रींना वापरायला दिला, तरी मोठं काम होईल.

तोवर गाडीवाल्यांनी एवढं करावं: क्लचवर पाय टेकवून ठेवू नये, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकू नये, गिअर ऑइल मुदतीत बदलावं. आणि कुणी ‘गिअरबॉक्स बदलावा लागेल’ म्हणालं, तर नेमका कुठला भाग गेला ते उघडून दाखवायला सांगावं.