परसातली विहीर

घर विकायला काढले की माणूस भिंतींना रंग देतो, कौले शाकारतो आणि एकदोन गोष्टी गिळतोही. आम्हीही तेच करणार होतो.

वाईजवळचे आमचे वडिलोपार्जित घर पाहायला दूरगावचे एक शिक्षक दांपत्य आले. घर पसंत पडले. पण परसात तुळशीमागे जमीन खचली आहे, हे बाईंच्या नजरेतून सुटले नाही.

"इथं काय होतं हो?"

"जुनी विहीर. बुजवली," दादा चटकन म्हणाला आणि त्यांना माजघराकडे घेऊन गेला.

खोटे काहीच नव्हते त्यात. त्या विहिरीत १९८८ साली आमच्या काकूने जीव दिला, एवढेच सांगायचे राहिले होते.

रात्री मी विषय काढला. दादा म्हणाला, "अरे, खरेदीखतात मेलेल्या माणसांचा रकाना असतो का? मुलीचं लग्न दोन महिन्यांवर आलंय. तुझं बरं आहे, तुला पगार आहे!" यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

मी कायदा उघडला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे ५५ वे कलम सांगते की, मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि नेहमीची काळजी घेऊनही सापडणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. मृत्यूबद्दल तेथे अवाक्षर नाही. दादाचे फावलेच!

पण वाचता वाचता एक अमेरिकन खटला हाती लागला. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी नायॅक नावाचे गाव आहे. तिथल्या एका बाईंनी आपल्या घरातल्या भुतांची हकीकत १९७७ साली 'रीडर्स डायजेस्ट'मध्ये हौसेने छापून आणली. घर विकताना मात्र चकार शब्द काढला नाही. घेणारा न्यूयॉर्क शहरातला. १९९१ साली अपील न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी त्याला सौदा मोडण्याची मुभा दिली. भुतांचा डांगोरा जिने स्वतः पिटला, तिला आता ती नाकारता येणार नाहीत. आणि परगावच्या माणसाला गावातल्या वदंता कशा ठाऊक असणार, असा निकालाचा रोख होता.

परगावचा माणूस! हे शब्द मला टोचले. आमची विहीर गावातल्या पोरासोरांनाही माहीत होती. माहीत नव्हती ती फक्त पैसे मोजणाऱ्या दोघांना.

दुसऱ्या दिवशी मी सांगून टाकले. मास्तर गप्प झाले. बाईंनी मात्र विचारले, "काकूंचं नाव काय होतं?" मी सांगितले आणि चमकलो. इतक्या वर्षांत ते नाव आमच्या घरात कुणी उच्चारलेच नव्हते.

सौदा मोडला. पुढे घर गेले ते कमी किमतीत, तेही सांगूनच. लग्नासाठी दादाला कर्ज काढावे लागले. अजून तो माझ्याशी मोजकेच बोलतो. त्याचा राग मला समजतो.

परक्यांपासून ती गोष्ट लपवणे आम्हांला सोपे गेले असते. कारण आम्ही ती आधी एकमेकांपासूनच लपवली होती.