धुक्यात उभी गाडी, उतरलेली बॅटरी

वाराणसीला गेलेले यात्रेकरू सवड काढून गंगेपलीकडचा रामनगरचा किल्ला पाहून येतात. काशीनरेश बलवंत सिंह यांनी अठराव्या शतकात चुनारच्या दगडात बांधलेल्या या किल्ल्याच्या संग्रहालयात पालख्या, अंबाऱ्या, शस्त्रे आणि घड्याळे यांच्या जोडीला जुन्या मोटारीही मांडून ठेवल्या आहेत. त्या सुरू होतात की नाही, याची बघणाऱ्याला काळजी नसते. किल्ल्याबाहेरच्या वस्तीत दारापुढे उभ्या असलेल्या गाडीचे मात्र तसे नसते. वेळ आली की तिला सुरू व्हावेच लागते.

आणि ती वेळ बहुधा हिवाळ्यातच येते. डिसेंबरच्या मध्यापासून इथे धुके दाटू लागते. आपल्याकडचा धनुर्मास तो तिकडचा खरमास. संक्रांतीपर्यंत लग्नकार्ये बंद, त्यामुळे बाहेर पडण्याचे निमित्त कमी. दहा हातांवरचे दिसत नाही, म्हणून घरातले ज्येष्ठ गाडी काढायला धजत नाहीत. काशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतूनही या दिवसांत कुणी पुण्याला लेकीकडे जाते, कुणी गावी जाते. गाडी आपली आवरण घालून तीन-तीन आठवडे उभी!

अशात एखाद्या रात्री आजोबांना धाप लागते. २०१७ मध्ये सामनेघाटाचा पूल खुला झाल्यापासून पलीकडचे विश्वविद्यालयाचे सर सुंदरलाल रुग्णालय पुष्कळ जवळ आले आहे. त्याआधी पिपांच्या पुलावरून जावे लागे आणि पावसाळ्यात तोही काढला जाई. पण आता पूल आहे, रस्ता आहे, गाडीही दारात आहे. किल्ली फिरवावी, तर नुसते 'टक्‌ टक्‌'! बॅटरी उतरलेली असते.

अशा वेळी धक्का मारण्यात वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, हे पहिले. पण ही वेळ येऊच नये, यासाठी थोडी माहिती आणि महिन्याकाठी तासभराचे लक्ष पुरेसे आहे.

उभ्या गाडीला काय होते?

रामनगर हे लालबहादूर शास्त्रींचे गाव. पंतप्रधान असताना त्यांनी कर्ज काढून घेतलेली फियाट आज दिल्लीतल्या त्यांच्या स्मारकात आहे. त्या पिढीच्या गाडीत किल्ली काढल्यावर वीज खाणारे जवळजवळ काही नसे. बॅटरी उतरलीच, तर पुढून हँडल मारून इंजिन सुरू करता येई.

आजची गाडी कुलूप लावले तरी पूर्ण झोपत नाही. चोरघंटा, घड्याळ, किल्लीच्या बटणाची वाट पाहणारे कुलूप, इंजिनाचा संगणक हे सारे थोडी थोडी वीज घेत राहतात. हा प्रवाह साधारण २० ते ५० मिलिअँपिअर असतो. ऐकायला अगदी किरकोळ. पण हिशेब करून पाहा. ५० मिलिअँपिअर धरले, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास आणि तीन आठवड्यांत सुमारे २५ अँपिअर-तास होतात. लहान मोटारीची बॅटरी असते ३५ अँपिअर-तासांच्या आसपास. म्हणजे नव्या, भरलेल्या बॅटरीतही जेमतेम १० उरले. बॅटरी तीन वर्षांची जुनी असेल, तर तेवढेही नाही.

शिवाय उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली, की तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण खडे धरू लागतात. ते एकदा घट्ट बसले, की कितीही चार्ज केली तरी बॅटरी पहिल्यासारखी होत नाही. दोन-चार वेळा अशी पूर्ण उतरली, की नवी घेण्याची पाळी येते.

दोष थंडीचा की उन्हाळ्याचा?

'थंडीने बॅटरी गेली' असे आपण सहज म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, इंजिनातले ऑइल घट्ट होते आणि सेल्फला जास्त जोर लावावा लागतो. पण बॅटरीचे आयुष्य खरे कुरतडतो तो उन्हाळा. वाराणसीत मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या उष्णतेत आतले पाणी उडते आणि पट्ट्या झिजतात. उन्हाळ्यात खंगलेली बॅटरी जानेवारीच्या पहाटे उघडी पडते, एवढेच. नागपूर, चंद्रपूर, जळगावच्या वाचकांनाही हे लागू आहे.

बॅटरी गोठण्याची भीती मात्र आपल्याकडच्या सपाट प्रदेशात नाही. मुले कॅनडात असतील, तर त्यांना जरूर सांगा. पूर्ण भरलेली बॅटरी तिथल्या कडाक्यातही सहसा गोठत नाही, पण उतरलेली बॅटरी शून्याखाली थोड्याच अंशांत गोठून फुटू शकते.

पाच मिनिटे इंजिन चालवून भागते का?

रोज सकाळी पाच मिनिटे इंजिन सुरू करून बंद करण्याची सवय पुष्कळांना असते. यात फायद्यापेक्षा तोटाच अधिक. सुरू करताना सेल्फ शंभराहून अधिक अँपिअर ओढतो. गाडी जागेवर उभी असताना अल्टरनेटर वीज कमी बनवतो, त्यामुळे खर्च झालेले नीट भरून निघत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा, दुपारी धुके विरल्यावर, अर्धा-पाऊण तास गाडी खरोखर फिरवून आणावी. बाजारही होतो, टायरही एकाच जागी दबून राहत नाहीत.

आणि एक गोष्ट काटेकोरपणे पाळा. थंडी वाजते म्हणून बंद गॅरेजमध्ये किंवा दार लोटलेल्या पडवीत इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो कळायच्या आत जीव घेतो.

महिनाभर गाडी निघणारच नसेल तर

सोपा उपाय म्हणजे बॅटरीची वायर सोडवून ठेवणे. मेकॅनिककडून एकदा शिकून घेतले, तर घरातली कुणीही व्यक्ती दहा नंबरच्या पान्याने हे करू शकते. गाडी पूर्ण बंद करा. आधी उणे (-) खुणेची, म्हणजे बहुधा काळी वायर सोडवा आणि ती परत टर्मिनलला टेकणार नाही अशी बाजूला ठेवा. पुष्कळदा एवढीच पुरते. बॅटरी बाहेर काढायची असेल, तरच नंतर अधिक (+) खुणेची सोडवा. जोडताना उलटा क्रम ठेवा: आधी अधिक, शेवटी उणे. किल्ली खिशात ठेवा, कारण कुलपे आपोआप लागू शकतात. घड्याळ आणि रेडिओ मागाहून पुन्हा लावावा लागेल. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या नव्या गाड्यांच्या बाबतीत आधी सोबतची पुस्तिका वाचावी.

दुसरा उपाय चार्जरचा. बॅटरी भरली की आपोआप प्रवाह कमी करणारे चार्जर मिळतात. ते महिनाभर जोडून ठेवता येतात. साधा चार्जर असेल, तर प्रवाह बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या भागाइतका असावा. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला साडेतीन अँपिअर, दहा-बारा तास. घरात इन्व्हर्टर आहेच, तर त्यालाच गाडीची बॅटरी जोडू, असे करू नका. त्याचा प्रवाह एवढ्या लहान बॅटरीला फार होतो.

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. म्हणून जागा हवेशीर हवी आणि जवळपास काडी, उदबत्ती, विडी काहीही नको.

प्रकृती कशी तपासाल?

साधा मल्टिमीटर घरात असावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सुरू करण्यापूर्वी मोजा. १२.६ व्होल्ट किंवा अधिक आले, तर बॅटरी भरलेली समजा. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली आले, की लगेच चार्ज करावी. इंजिन चालू असताना साधारण १४ व्होल्ट दिसायला हवेत. नाही दिसले, तर दोष अल्टरनेटरचा असू शकतो.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड जमली असेल, तर वायरी सोडवून, हातमोजे घालून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि जुन्या ब्रशने साफ करा. कोरडे करून वायरी जोडल्यावर व्हॅसलीनचा हात फिरवा. झाकणाची बॅटरी असेल, तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचे किंवा गंगेचे नव्हे! गंगाजल देवघरात शोभते. बॅटरीत त्यातले क्षार नुकसान करतात.

बॅटरी संपलीच, तर भंगारवाल्याला देऊ नका. आतले शिसे आणि ॲसिड मुलांसाठी विषारी असते. नवी घेताना जुनी दुकानदारालाच परत करा. किमतीत सूटही मिळते.

संक्रांतीला तिळगूळ वाटायला निघण्याआधी, किंवा पुण्याहून परतल्याच्या दिवशी, एकदा बॉनेट उघडून पाहा. हे काम घरातल्या एकट्या पुरुषावरही सोडू नका. वायर कुठली सोडवायची आणि कुठली आधी जोडायची, हे घरातल्या दोघांना तरी ठाऊक असावे. रात्री-अपरात्री किल्ली कुणाच्या हाती येईल, हे आधी सांगता येत नाही.