मिटणाऱ्या पायांची पन्नास वर्षं

रेडिओवर उडणाऱ्या छोट्या विमानाने जमीन सोडली आणि त्याची चाकं पंखात मिटली, की त्याचं रूपच पालटतं. तोवर खेळणं वाटणारी वस्तू एकदम विमान दिसू लागते. त्या दोन-तीन सेकंदांसाठी एरोमॉडेलिंग करणाऱ्यांनी गेली पन्नास वर्षं जी खटपट केली, ती मला या छंदातली सगळ्यात सुंदर कारागिरी वाटते.

खऱ्या विमानांनी ही वाट आधी चालून ठेवली होती. १९२० मध्ये गॉर्डन बेनेट शर्यतीसाठी बांधलेल्या डेटन-राइट आरबी-१ या विमानात वैमानिक हाताने दांडा फिरवून चाकं आत ओढून घेई. रशियाच्या पोलिकार्पोव्ह आय-१६ मध्ये त्यासाठी दांड्याला ४४ वळसे द्यावे लागत. मॉडेलमध्ये बसलेला वैमानिक नसतो. जे करायचं ते एका लहानशा मोटरने, मोजक्या बॅटरीवर आणि ग्रॅम-ग्रॅम वजनाचा हिशेब ठेवून करायचं.

म्हणून सुरुवातीची बरीच वर्षं कुणी त्या वाटेला फारसं गेलं नाही. १९६० मध्ये स्वित्झर्लंडला रेडिओ विमानांच्या कसरतींची पहिली जागतिक स्पर्धा झाली. ती जिंकणाऱ्या एड काझमिरस्कीच्या ‘ओरायन’ची चाकं कायम बाहेरच होती. तेव्हाचे रीड पद्धतीचे संच बटणाबटणाने सुकाणू हलवत. त्यातून विमान सुलटं-उलटं उडवणं हीच कमाल होती. प्रपोर्शनल रेडिओ आले, हात हलेल तितकंच सुकाणू हलू लागलं, आणि मग एखादं चॅनेल चाकांसाठी राखून ठेवणं परवडू लागलं.

सत्तरचं दशक वेगाचं होतं. दहा सीसीचं इंजिन, त्याला ट्यून्ड पाइप, आणि आकाशभर पसरलेल्या मोठाल्या कसरती. अशा वेगात बाहेर लोंबणारे तीन पाय हवेला नाहक अडवतात. ऑस्ट्रियाच्या हानो प्रेटनरने १९७७ मध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं तोवर आत जाणारी चाकं ही या स्पर्धेत उतरायची जणू अटच झाली होती. त्याच्या ‘क्युरारे’ या विमानाच्या चित्रांत पोट असं स्वच्छ दिसतं, की चाकं कुठे गेली ते शोधावं लागतं.

त्या काळची रूढ यंत्रणा यांत्रिक होती. एक खास सर्वो (रेडिओच्या इशाऱ्यावर हात फिरवणारी छोटी मोटर), तारेचे पुशरॉड आणि दोन्ही पंखांत एकेक बिजागरीची पेटी. साधा सर्वो साधारण ९० अंश फिरतो, हा मात्र पूर्ण १८० अंश. त्यामागचं कारण मोठं हुशारीचं आहे. सर्वोचा हात अर्धवर्तुळ फिरून थांबतो तेव्हा तो हात, तार आणि सर्वोचा आस एका रेषेत येतात. मग पायाकडून उलटा धक्का आला तरी तो हाताला फिरवू शकत नाही, नुसता आसावर दाबतो. शिवाय पेटीतही खटका असतो, तो पाय सरळ झाला की अडकतो. चाक आत घेणं सोपं असतं. साडेतीन किलोचं विमान जमिनीवर आपटतं तेव्हा तो मिटणारा पाय न मिटता उभा राहणं, हे खरं काम.

हे जुळवणं फार किचकट होतं. तारेची लांबी मिलिमीटरभर चुकली, तर सर्वो शेवटच्या टोकाला पोहोचत नाही आणि तिथेच गुणगुणत राहतो. ते गुणगुणणं कानाला गोड लागलं तरी धोक्याचं, कारण सर्वो रिसीव्हरची बॅटरी पीत असतो. त्याच बॅटरीवर एलिव्हेटर आणि रडर चालतात. चाकांपायी अख्खं विमान जायचं ते असं. जाणते लोक म्हणून चाकांच्या सर्वोला वेगळी बॅटरी देत.

आणि लाकूड. या विषयात यंत्रापेक्षा लाकडाचं महत्त्व जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे. बाल्साच्या पंखात चाकासाठी खळगा करायचा म्हणजे नेमक्या जास्त भाराच्या जागी फासळ्या कापायच्या. साध्या मॉडेलला वाकवलेली पियानो वायर असते. ती लाकडी ठोकळ्यात पीळ खाते आणि धक्का गिळते. मिटणाऱ्या पायाला ती सोय नाही. तारेला एखादं वेटोळं असतं, उरलेला धक्का थेट पेटीच्या स्क्रूंवर येतो. म्हणून पेटीखाली टणक लाकडाच्या दोन पट्ट्या, त्यांच्या टोकांना प्लायवूडने जाड केलेल्या फासळ्या, सगळ्यांत अराल्डाइट, आणि स्क्रूची भोकं आधी पाडून त्यांत पातळ गोंद मुरवलेला. एवढं केलं तर पाय वाकेल, पण पंख उखडणार नाही. हाच क्रम हवा. आपल्याकडे मॉडेलं उडतात ती बहुधा खडबडीत मैदानांवर, आणि पंखात मावायचं म्हणून चाक लहान व अरुंद ठेवावं लागतं. खुरट्या गवतात ते चाक रुततं, विमान नाकावर जातं. म्हणून इथल्या अनेक कसलेल्या मंडळींनी हा नाद केलाच नाही, आणि मला त्यात काही गैर दिसत नाही.

पुढे हवेचे पाय आले. पोटात छोटी टाकी, उडण्याआधी पंपाने सुमारे १०० पीएसआय दाब भरायचा, एक बारका सर्वो व्हॉल्व फिरवतो आणि हवा नळ्यांतून दंडगोलांत जाते. पाय सावकाश, डौलात हलतात. जुन्या लढाऊ विमानांच्या मॉडेलांना ही चाल शोभून दिसली. दुखणं एकच, गळती. एखादी नळी दुमडली किंवा जोड सैल झाला, की एक पाय खाली आणि एक वर. त्यावर काहींनी वर घ्यायला हवा आणि खाली यायला स्प्रिंग अशी योजना केली. हवा संपली तर पाय निदान खाली येतात. धोका टाळायचा तर बिघाडाची दिशाच आधी ठरवून टाकायची, हा विचार मला फार आवडतो.

कसरतीच्या स्पर्धेत मात्र नेमकं उलटं घडलं. ऐंशीच्या दशकात ‘टर्नअराउंड’ पद्धत आली. प्रत्येक कसरत परीक्षकांसमोरच्या ठरलेल्या चौकटीत, एका सलग लयीत, वर जाताना आणि खाली येताना शक्य तितक्या सारख्याच वेगाने. आता खाली झेपावताना वेग वाढू नये म्हणून हवेचा अडथळा हवाहवासा झाला. ज्या चाकांना लपवायला दहा-पंधरा वर्षं खटपट केली, ती पुन्हा बाहेर आली आणि बाहेरच राहिली. वजन वाचलं, पंख मजबूत झाला, बिघडायला एक गोष्ट कमी झाली.

मिटणारे पाय उरले ते लढाऊ विमानांच्या हुबेहूब प्रतिकृतींकडे आणि जेट मॉडेलांकडे. इथे प्रश्न भूमितीचा. स्पिटफायरचे पाय धडाजवळून निघून बाहेरच्या बाजूला मिटतात. त्यामुळे दोन चाकांतलं अंतर कमी आणि जमिनीवर विमान डुगडुगतं. मूळ विमानाची ही खोड मॉडेलमध्येही तशीच उतरते. काही मॉडेलांत पाय ९० अंशांऐवजी ८५ अंशांतच थांबवावा लागतो, म्हणून तसल्या खास पेट्या मिळतात. कोर्सेअरचा पाय तर मागे जाता जाता स्वतःभोवती काटकोनात फिरतो, चाक पंखात सपाट झोपावं म्हणून. पायाचा पुढचा कलही चुकवून चालत नाही. शेपटीवर बसणाऱ्या विमानात चाकाचा आस गुरुत्वमध्याच्या पुरेसा पुढे नसेल, तर ब्रेक लागताच नाक मातीत.

गेल्या पंधरा-एक वर्षांत विजेच्या पेट्यांनी बाकी सगळं मागे टाकलं. आत छोटी मोटर, लांब स्क्रू आणि त्यावर सरकणारी नट. स्क्रूला उलट ढकलून फिरवता येत नाही, म्हणून पाय वाटेत कुठेही थांबला तरी तिथेच अडून राहतो. टोकाला पोहोचल्यावर करंट वाढतो, सर्किट ते ओळखून मोटर बंद करतं. तारेची लांबी जुळवत बसायला नको. फक्त चाक खळग्याच्या काठाला घासलं तर सर्किटला वाटतं प्रवास संपला आणि पाय अर्ध्यावर थांबतो. म्हणून बसवताना बोटाने चाक दाबून, विमान उलटंसुलटं धरून पुन्हापुन्हा पाय आत-बाहेर करून पाहावेत.

आता फोमची तयार विमानं हे सगळं आत बसवूनच मिळतात. नवशिक्याच्या हाती पहिल्याच दिवशी मिटणारी चाकं येतात, आणि मला त्याचा आनंद आहे. दोन-चार जोराच्या उतरणी झाल्या, की पेटी धरून ठेवणारी प्लॅस्टिकची बैठक फोमसकट सुटते. तेव्हा तो नवशिक्या ती बैठक कापून काढतो, बर्चच्या प्लायवूडची जाड चकती करतो, तिच्या कडा फोममध्ये खोल शिरतील अशा खाचा पाडतो आणि एपॉक्सी भरून रात्रभर सुकायला ठेवतो.