कादंबरी स्वतः छापली, पण लिहिण्याच्या वर्षांचे पैसे कोण देणार?

श्रम आणि मूल्य या विषयावर आपण बोलत आलो आहोत. त्यात तरुण श्रोत्यांकडून एक प्रश्न वारंवार येतो. प्रकाशकाला मध्ये न घेता आपली कादंबरी आपणच छापली, आपणच विकली, तर त्यावर घर चालेल का? विचारणारे काहीजण नोकरी सोडण्याच्या बेतात असतात, त्यामुळे हा प्रश्न हवेतला नाही. 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याआधी आपण एक जमाखर्च बघू. तो १८७३ सालचा आहे, सेंट पीटर्सबर्गचा. लेखक फ्योदोर दोस्तोयेव्हस्की.

हे गृहस्थ १८७१ मध्ये चार वर्षांनी परदेशातून परतले, तेव्हा डोक्यावर वीस हजार रुबलांहून जास्त कर्ज होतं. नाव मोठं, 'गुन्हा आणि शिक्षा' लिहून झालेली, पण पुस्तकाचे हक्क विकून हाती फार काही पडत नसे. 'बेसी', म्हणजे 'भुतं', ही नवी कादंबरी पुस्तकरूपात काढायला प्रकाशक पाचशे रुबल देऊ करत होते, तेही दोन वर्षांत हप्त्याहप्त्यानं. याआधी तर एक करार असा केला होता, की १८६६च्या नोव्हेंबरच्या एक तारखेला कादंबरी हातात दिली नाही, तर पुढच्या नऊ वर्षांचं लेखन प्रकाशकाला फुकट! ती कादंबरी, 'जुगारी', २६ दिवसांत तोंडी सांगून पुरी झाली. ती लघुलिपीत उतरवून घेणारी मुलगी आन्ना पुढे त्यांची पत्नी झाली. आपल्या या हिशेबात खरं काम तिचं आहे.

आन्नाबाईंनी आधी चौकशी केली. छपाईला काय पडतं, कागदाला काय, दुकानदार किती कमिशन मागतात, रोखीनं घेतले तर किती आणि विक्रीसाठी नुसते ठेवले तर किती. ओळखीपाळखीचे लोक म्हणत होते, या भानगडीत पडू नका. तरी ३५०० प्रती छापल्या, किंमत साडेतीन रुबल. २२ जानेवारी १८७३ला वर्तमानपत्रात जाहिरात आली आणि दुकानांची माणसं थेट घरी येऊ लागली. नवरा रात्री लिहिणारा, उशिरा उठणारा. तो उठेपर्यंत दारातच घासाघीस चाले: थोड्या प्रती घेतल्या तर वीस टक्के, जास्त घेतल्या तर तीस. पहिल्याच दिवशी ११५ प्रती गेल्या. नाव नीट लक्षात न राहिलेले निरोपे येऊन भुतं मागत, सैतान मागत. ते ऐकून घरातली म्हातारी दाई कुरकुरायला लागली, की घरात ही भुताटकी आल्यापासून बाळाला रात्री धड झोप नाही.

आता आकडे बघा. ३५०० गुणिले साडेतीन म्हणजे १२,२५० रुबल. हा झाला कागदावरचा आकडा. वर्षअखेर ३००० प्रती खपल्या आणि कमिशन, छपाई, कागद, बांधणी वजा जाता हातात चार हजारांहून थोडे जास्त उरले. कुठे पाचशे आणि कुठे चार हजार! आपला तरुण श्रोता इथे टाळी वाजवतो.

पण त्याच वर्षी दोस्तोयेव्हस्कींनी नोकरी धरली. 'ग्राझ्दानिन' या साप्ताहिकाचं संपादकपद, वर्षाला तीन हजार रुबल. पुस्तक इतकं चाललं असताना नोकरी कशाला? कर्ज होतंच, पण आम्हांला दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. 'बेसी' लिहायला सुमारे तीन वर्षं लागली होती. ते चार हजार त्या तीन वर्षांवर पसरून बघा! आणि ते आले कधी? लिहून झाल्यावर. ती तीन वर्षं चूल पेटती ठेवली होती 'रूस्की वेस्तनिक' या मासिकानं. तिथे कादंबरी क्रमशः येत होती, छापील फॉर्ममागे मानधन होतं आणि आगाऊ रक्कमही उचलता येत होती. पुढेही त्यांनी हीच पद्धत ठेवली. 'कारामाझोव बंधू' १८७९-८० मध्ये आधी त्याच मासिकात आली, मग घरच्या घरी पुस्तक. स्वतः छापल्यानं संपलेल्या श्रमाचा मोबदला वाढतो. चालू असलेल्या श्रमाला तो एक पैसा देत नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली, की माणूस राजीनामा लिहून मोकळा होतो.

जाता जाता कांटचं सांगायला हवं. १७८५ मध्ये त्यानं पुस्तकांच्या चोरट्या छपाईविरुद्ध एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं, की पुस्तक म्हणजे लेखकानं वाचकांशी केलेलं बोलणं, आणि प्रकाशक हा लेखकाच्या नावानं बोलणारा त्याचा मुखत्यार. स्वतः छापणारा लेखक हे मुखत्यारपत्र परत घेतो, पण मुखत्याराचं काम काही नाहीसं होत नाही. ते घरातल्या कुणाच्या तरी अंगावर पडतं.

आपल्याकडे हरिभाऊ आपटे बघा. 'करमणूक' त्यांनी स्वतः १८९० मध्ये काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यातूनच क्रमशः दिली. म्हणजे व्यासपीठसुद्धा घरचंच. तरी चरितार्थाला पुण्याच्या आनंदाश्रमाच्या व्यवस्थापनाचं काम होतं. मराठी कादंबरीचा एवढा मोठा लेखक, पण निव्वळ कादंबरीवर अवलंबून नव्हता.

'अहो सर, आता ई-बुक आहे,' असं म्हणाल. खरं आहे. २००७ मध्ये किंडल आलं. कागद, गोदाम, उधारी गेली आणि किमतीच्या ठरावीक पट्ट्यात लेखकाला सत्तर टक्के मिळू लागले. अमेरिकेतल्या अमांडा हॉकिंगचं उदाहरण नेहमी दिलं जातं. २०१० मध्ये तिनं स्वतः कादंबऱ्या विकायला ठेवल्या आणि वर्षभरात दहा लाखांवर प्रती गेल्या. पण ही हस्तलिखितं तिनं आधी, नोकरी करत करत, वर्षानुवर्षं लिहून ठेवली होती. आणि २०११ मध्ये तिनं काय केलं? चार पुस्तकांसाठी एका जुन्या, प्रस्थापित प्रकाशनसंस्थेशी सुमारे वीस लाख डॉलरचा करार. तिचं म्हणणं सरळ होतं: ईमेल, मुखपृष्ठं, संपादक शोधणं यातच आठवडा जातो, मग लिहायचं कधी? तिच्याकडे आन्नाबाई नव्हत्या.

तेव्हा नोकरी सोडू का, असं विचारणाऱ्याला आम्ही उलट तीन प्रश्न विचारतो. विकायला आज तुझ्याकडे किती पुस्तकं तयार आहेत? पुढचं लिहीत असताना घरखर्च कुठून येणार? आणि पार्सलं कोण बांधणार? पहिल्याचं उत्तर 'एक' असेल आणि तिसऱ्याचं 'बायको' असेल, तर निदान तिला आधी विचार. तिचे तास हिशेबात धर आणि नफ्यात तिचा वाटा लिहून ठेव.

दोस्तोयेव्हस्कींचं कर्ज फिटलं ते १८८१ मध्ये ते जाण्याच्या जेमतेम वर्षभर आधी. १८८० मध्ये आन्नाबाईंनी बाहेरगावच्या ग्राहकांसाठी टपालानं पुस्तकं पाठवायचं दुकानही काढलं होतं. नवरा गेल्यावर पुढची अनेक वर्षं त्या त्याच्या समग्र साहित्याच्या आवृत्त्या काढत राहिल्या. हक्क कुणाला कायमचे विकलेले नव्हते, म्हणून ते जमलं.