रूळ दुसऱ्याचे, धंदा आपला: भाडं ठरतं कसं?

सुप्याहून चौफुल्याकडे गेलं की पुढे केडगावला पुणे-दौंड लाईन लागते. कंटेनरची मालगाडी दिसली की ती सगळी रेल्वेचीच, असं आपण धरून चालतो. पण त्यातल्या वॅगन एखाद्या खासगी कंपनीच्याही असू शकतात. 2006 मध्ये रेल्वेने हा धंदा खासगी कंपन्यांना खुला केला. तेव्हा देशभर गाड्या चालवायच्या तर नोंदणी फी 50 कोटी होती, ठरावीक मार्गांपुरती 10 कोटी. ही नुसती आत शिरायची किंमत!

फेरीचे पैसे वेगळे. त्याला हॉलेज चार्ज म्हणतात. रूळ, सिग्नल, इंजिन, ड्रायव्हर रेल्वेचे. वॅगन आणि गिऱ्हाईक कंपनीचं. दर ठरतो अंतरावर आणि कंटेनरच्या वजनाच्या टप्प्यावर. आणि खरी मेख इथे आहे: रिकामा कंटेनर ओढला तरी पैसे लागतात. दर कमी, पण लागतातच. म्हणून अशी कंपनी जाताना काय भरायचं यापेक्षा येताना काय भरायचं याच्याच मागे असते. आपला टेम्पोवाला मार्केट यार्डात माल उतरवून परतीचं भाडं शोधत थांबतो ना, अगदी तसंच.

आता गंमत बघा. दादरी ते जेएनपीटी असा आखलेला मालवाहू मार्ग डीएफसीसीआयएल या वेगळ्या सरकारी कंपनीकडे आहे. तिथे भारतीय रेल्वेच भाडेकरू! ती ट्रॅक अ‍ॅक्सेस चार्ज भरते, त्यात एक भाग स्थिर, दुसरा वापराप्रमाणे. ब्रिटनमध्ये तर रूळ जास्त झिजवणाऱ्या डब्याला जास्त आकार लागतो. मला हे पटतं. जो झिजवतो त्याने भरावं.

तुमच्याकडे हाच हिशोब कसा लागतो? समजा, मसाल्यासाठी दुसऱ्याचं डंख वापरायचंय. मालक म्हणतो, महिन्याला 6,000 रुपये द्या, नाहीतर किलोला 4 रुपये. 6,000 भागिले 4, म्हणजे 1,500 किलो. काम त्याच्या खाली असेल तर किलोवर घ्या, कायम वर जात असेल तर महिन्यावर. नवीन माणूस पहिल्याच महिन्यात उत्साहाने महिन्याचं ठरवतो आणि पावसाळ्यात अडकतो.

बोलणी करताना आणखी दोन गोष्टी कागदावर घ्या: लाईट गेली तर त्या दिवसाचे पैसे कापायचे का, आणि पाट्या झिजल्या तर खर्च कोणाचा.